ब्रेन हॅमरेजनंतरचा अफेजिया: चार्ट कोड करण्यापूर्वीची तयारी

पुण्यात, नवी मुंबईत बसून अमेरिकेतले चार्ट कोड करणाऱ्यांनी, म्हणजे पेशंटच्या नोंदींतल्या निदानांना ठरलेले कोड लावणाऱ्यांनी, ब्रेन हॅमरेजनंतर अफेजिया (भाषा बोलण्या-समजण्यातली अडचण) झालेला पेशंट हाती आला की आधी आयसीडी-१०-सीएमची, म्हणजे अमेरिकेतल्या निदान-कोडांच्या यादीची, बरोबर आवृत्ती उघडावी. नवी आवृत्ती दर १ ऑक्टोबरला लागू होते. ॲडमिट पेशंटसाठी डिस्चार्जची तारीख धरायची, आपण कोड करतो ती नाही.

मग रक्त नेमकं कुठे साचलं ते शोधा. मेंदूच्या आत असेल तर आय६१, सबअरॅक्नॉइड (मेंदूला लागून असलेल्या आवरणाखाली) असेल तर आय६०, मार न लागता आपोआप झालेला सबड्युरल (बाहेरच्या जाड आवरणाखालचा) असेल तर आय६२. डोक्याला मार लागून झालेला रक्तस्राव एस०६ मध्ये जातो, तो इथे मिसळू नका.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो काळाच्या प्रश्नाला. रक्तस्राव याच ॲडमिशनमधला असेल तर आय६१ आणि जोडीला अफेजियाचा आर४७.०१. तो उपचार संपून पेशंट आता स्पीच थेरपीसाठी येत असेल तर आय६९.१२०. या एकाच कोडमध्ये कारणही आलं आणि परिणामही, त्यामुळे आर४७.०१ पुन्हा लावायचा नाही. यादीतली एक्सक्लूड्स १ ची टीप, म्हणजे ‘हे दोन कोड एकत्र लावू नका’ ही सूचना, तेच सांगते. सबअरॅक्नॉइडनंतर आय६९.०२०. चार्टमध्ये नुसतं ‘जुना स्ट्रोक’ लिहिलेलं दिसलं की हात आय६९.३२० कडे जातो, पण तो इन्फार्क्टचा (रक्तपुरवठा अडून झालेल्या स्ट्रोकचा) किंवा प्रकारच न लिहिलेल्या स्ट्रोकचा आहे, रक्तस्रावाचा नाही. घटनेला किती वर्षं झाली याचं बंधन आय६९ ला नाही.

शब्द अक्षर लावून वाचा. उच्चार अस्पष्ट असतील तर डिसार्थ्रिया, आय६९.१२२. डिस्फेसिया भाषेचा, आय६९.१२१, स्पेलिंगमध्ये ‘एस’च्या जागी ‘जी’ आला की तो गिळण्याचा त्रास होतो, म्हणजे आय६९.१९१ आणि सोबत आर१३.१ मधला योग्य कोड.

थेरपिस्टच्या नोटमध्ये ‘घड्याळ दाखवलं, नाव सांगता आलं नाही, उपयोग खुणेने दाखवला’ असं असलं तरी त्यावरून निदान आपण ठरवायचं नाही. ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच लिहिलेलं हवं. नसेल तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, पाठवा. हा पेशंट स्वतः फोन करून विम्याच्या क्लेमबद्दल भांडू शकत नाही, म्हणून क्वेरीचा कंटाळा करू नका. क्वेरीत नोटमधली निरीक्षणं जशीच्या तशी द्या, अफेजिया, डिसार्थ्रिया, अन्य, सांगता येत नाही असे पर्याय ठेवा, आणि उत्तर येईपर्यंत चार्ट होल्डवर टाका.