विश्रांतीसाठी योग करताय? मग या चुका टाळा

योगासाठी घरातली जागा ठरवताना आपण ती उभं राहून बघतो. हात पसरता येतात ना, पाय कपाटाला लागत नाही ना, मॅट मावते ना. व्यायामासाठी तेवढं पुरे. पण विश्रांतीच्या योगात बराचसा वेळ पाठीवर पडून जातो, आणि जमिनीवरून तीच खोली वेगळी दिसते. ट्यूबलाइट थेट डोळ्यांवर येते, पंख्याचा वारा नेमका छातीवर लागतो, पलंगाखालची धूळ नाकासमोर असते. म्हणून जागा पक्की करण्याआधी तिथे दोन-तीन मिनिटं नुसतं पडून राहा आणि काय खटकतं ते बघा. मोठा दिवा बंद करून कोपऱ्यातला छोटा लावा, मॅट पंख्याखालून जरा बाजूला सरकवा, केर काढा. मेणबत्त्या, मूर्ती, कुंड्या हे सगळं त्यानंतर, आणि नसलं तरी चालतं.

पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत साधकाची कुटी कशी असावी हे सांगितलंय: दार लहान, जमीन फार उंच नाही की फार सखल नाही, सारवून स्वच्छ केलेली, किडामुंगी नसलेली. आत शोभेच्या वस्तू हव्यात असं कुठेही नाही. नेहमीची मॅट साधारण 173 सेंटीमीटर लांब आणि 61 सेंटीमीटर रुंद असते. तिच्या दोन्ही बाजूंना हात टेकायला जागा मिळाली की काम झालं. बंद खोलीत उदबत्ती मात्र नको. दीर्घ श्वास घ्यायचा आणि धूर आत ओढायचा, यात काय साधतं कोण जाणे!

शवासनात कंबर दुखते

ही तक्रार सर्रास ऐकू येते, आणि त्यावर लोक दात-ओठ खाऊन ‘सवय होईल’ म्हणत पडून राहतात. सवय होत नाही. पाय सरळ ठेवले की काहींच्या कमरेखाली कमान तयार होते आणि तिथले स्नायू ताणलेलेच राहतात. गुडघ्यांखाली लोड किंवा घट्ट गुंडाळलेली चादर ठेवा, कंबर लगेच जमिनीकडे उतरते. टाचा अधांतरी राहत असतील तर गुंडाळी थोडी बारीक करा. तेवढ्याने भागलं नाही तर पोटऱ्या सरळ खुर्चीवर ठेवा.

मानेकडेही बघा. हनुवटी छताकडे गेली असेल तर मान मागे मोडलेली असते. टॉवेलची घडी डोक्याखाली घ्या आणि कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर येईपर्यंत एकेक पदर वाढवा. जाड उशी घेतली तर उलटं होतं, हनुवटी छातीत रुतते. गादीवर शवासन करू नका असं म्हणतात त्यातही तथ्य आहे: मऊ गादीत पाठ खोलगट होते आणि झोप लागते.

थंडी वाजते, मग लक्ष उडतं

आसनं करताना अंग तापलेलं असतं, त्यामुळे पांघरूण अनावश्यक वाटतं. पण हालचाल थांबली की शरीर पटकन गार पडू लागतं, आणि थंडी वाजणारे स्नायू सैल होत नाहीत. मोजे आणि पातळ चादर आधीच हाताशी ठेवा. मध्येच उठून कपाट उघडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

श्वास ओढून-ताणून घेणं

दीर्घ श्वास म्हणजे छाती फुगवून घेतलेला मोठा श्वास नव्हे. शांत व्हायला मदत होते ती सावकाश सोडलेल्या श्वासाने. त्या वेळी हृदयाचे ठोकेही किंचित मंदावतात. चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर, एवढं पुरे. दम लागला, डोकं हलकं झालं तर मोजणं सोडा आणि श्वास आपल्या गतीने चालू द्या. कुंभकाच्या, म्हणजे श्वास रोखून धरण्याच्या, भानगडीत इथे पडूच नये.

फोनचं काय करायचं हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. व्हिडिओ लावला की दर आसनात मान स्क्रीनकडे वळते. त्यापेक्षा ऑडिओ बरा. तो उतरवून घ्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. पोटभर जेवल्यावर तीनेक तास जाऊ द्या, हेही त्यातलंच.

झोप लागली तर अपराधी वाटून घेऊ नका, बहुधा ती अपुरीच होती. जागं राहायचंच असेल तर कोपर जमिनीला टेकवून एक हात उभा ठेवा. डुलकी आली की हात कलतो आणि जाग येते. उठताना मात्र ताडकन उठू नका, चक्कर येऊ शकते. आधी कुशीवर वळा, थोडं थांबा, मग हातांच्या आधाराने बसा.

काहींना डोळे मिटून निश्चल पडलं की उलट धडधड वाढते. त्यांनी शवासनाचा हट्ट धरू नये. भिंतीला पाठ टेकून बसावं, डोळे उघडे ठेवावेत, हात मांड्यांवर. गरोदरपणाच्या पुढच्या महिन्यांत पाठीऐवजी डाव्या कुशीवर झोपावं. काचबिंदू किंवा उच्च रक्तदाब असेल तर भिंतीला पाय लावून करायचं विपरीतकरणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, मग ते कितीही सोपं दिसो.