वर्णन लिहायला मुलांना कसं शिकवावं? आधी फुलबाजारात चला

कुर्ल्यात नवव्या मजल्यावर राहणारी चौथीतली मुलगी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहायला बसते आणि पहिल्याच ओळीत धरणीमाता हिरवा शालू नेसते. दुसऱ्या ओळीत झरे झुळझुळ वाहायला लागतात. तिच्या खऱ्या पावसाळ्यात जिन्यात निथळणाऱ्या छत्र्या असतात, न वाळलेल्या गणवेशाचा कुबट वास असतो, ‘हार्बर चालू आहे का’ म्हणून सकाळी मोबाइल चाळणारे बाबा असतात. यातलं काहीच वहीत उतरत नाही. निबंधात असलं लिहायचं नसतं, हे तिला कुणीतरी सांगितलेलं असतं. बहुतेक वेळा आपणच.

मुलांकडे शब्द कमी पडतात, ही तक्रार मला फारशी पटत नाही. त्यांच्याकडे तयार वाक्यं जास्त झालेली असतात. म्हणून पुढचा सगळा खटाटोप आधी बघायला शिकवण्याचा आहे, लिहिणं त्याच्या मागून येतं. तिसरी ते सातवीच्या मुलांबरोबर तो घरच्या घरी करता येतो.

पायरी १ : विषय चिमटीत मावेल एवढा करा

‘माझी मुंबई’ हा विषय मोठ्या माणसालाही झेपत नाही. ‘दादर’ही मोठाच. दादरच्या फुलबाजारातला एकच गाळा, रविवारी सकाळी सातला, हा विषय मुलाच्या मापाचा आहे. अगदी लहान मूल असेल तर घराबाहेरही पडू नका. मिसळणाचा डबा समोर ठेवा, डोळे मिटायला सांगा आणि एकेक वाटी नाकाशी धरा. मोहरीला वास येतो का? हळदीचा कसा असतो? हिंगाचा वास आल्यावर तोंड का वाकडं झालं? मूल जे बोलेल ते वर्णनच असतं.

पायरी २ : घेऊन जा आणि गप्प राहा

दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की फुलबाजार दोन मिनिटांवर आहे. भल्या पहाटे तिथली उलाढाल जोरात असते, पण मुलांसाठी सहा-सात ही वेळ बरी. झेंडू, शेवंती, निशिगंध, दुर्वांच्या जुड्या, आंब्याचे टहाळे, मोगऱ्याचे गजरे, डोक्यावर पाटी घेऊन ‘बाजू, बाजू’ म्हणत घुसणारे हमाल आणि पायाखाली तुडवलेल्या देठांचा रेंदा. दसऱ्याच्या किंवा गणपतीच्या आदल्या दिवशी मात्र जाऊ नका. त्या गर्दीत मूल सांभाळाल की फुलं बघाल?

इथे आईबाबांचं खरं काम तोंड बंद ठेवण्याचं आहे. आपण ‘अय्या, किती सुंदर!’ म्हणालो की मुलाचं बघणं तिथेच थांबतं, कारण उत्तर मिळालेलं असतं. बोलायचंच असेल तर प्रश्न विचारा, आणि तेही ठोस. सगळ्यात आधी काय ऐकू आलं? पायाखाली काय लागतंय? त्या काकांचे हात कसे दिसतायत? इथे वाईट वास कुठे येतोय? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. बाजारात सडक्या देठांचा वासही असतो आणि तो लिहायची परवानगी आहे, हे मुलाला तिथेच कळतं.

मोबाइलवर फोटो काढू देऊ नका. फोटो निघाला की मूल बघायचं थांबतं, ‘घरी जाऊन बघू’ म्हणतं. वहीसुद्धा नको. फार तर तिकिटाच्या मागे चार-पाच शब्द टिपून ठेवू दे.

पायरी ३ : लिहिण्याआधी आजीला फोन

ही पायरी सगळ्यात जास्त उपयोगी आहे आणि सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. घरी आल्यावर लगेच वही उघडायची नाही. गावाकडच्या आजीला, मावशीला, कुणाला तरी फोन लावून द्या आणि मुलाला सांगू द्या. पलीकडच्या माणसाला काही दिसत नसतं, त्यामुळे प्रश्न आपोआप येतात: ‘अगं पण केवढा ढीग? तुझ्या कमरेएवढा?’ मूल हात पसरून दाखवतं, मग लक्षात येतं की हात फोनवर दिसत नाहीत, आणि ते शब्द शोधायला लागतं.

तुम्ही शेजारी बसून त्याची वाक्यं जशीच्या तशी उतरवून घ्या. ‘लय गर्दी होती’ असेल तर तसंच लिहा. इंग्रजी माध्यमातलं मूल ‘स्मेल स्ट्राँग होता’ म्हणेल, तेही लिहा. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, त्यामुळे घरात मराठी बोलणारी पण लिहिताना अडणारी मुलं आता पुष्कळ आहेत. त्यांना पहिल्याच फेरीत अडवलं की ती दोन ओळींत विषय संपवतात. ‘स्ट्राँग’च्या जागी ‘उग्र’ नंतर बसवता येतो.

पायरी ४ : ‘खूप’, ‘छान’, ‘सुंदर’ आणि ‘मस्त’ यांना एक दिवस सुट्टी

आता वही. पहिला मसुदा साधारण असा येतो: ‘मी फुलबाजारात गेलो. तिथे खूप सुंदर फुले होती. खूप गर्दी होती. मला खूप मजा आली.’

यात विशेषणं घालून काही सुधारत नाही. ‘रंगीबेरंगी, सुगंधी, मनमोहक फुले’ लिहिलं तरी कुठलं फूल ते कळत नाहीच. आधी नामं मागा: कुठलं फूल? कशात ठेवलेलं? मग क्रियापदं मागा. ‘होती’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा आणि विचारा, नुसती होती, की काही करत होती? दोन-तीन फेऱ्यांनंतर असं काहीतरी हाती लागतं:

‘पुलाचा जिना उतरताना आधी वास आला, मग फुलं दिसली. झेंडूच्या गोण्यांची तोंडं बांधली होती, तरी फुलं बाहेर डोकावत होती. एक काका मगाने शेवंतीवर पाणी मारत होते. खाली देठांचा चिखल झाला होता. माझी चप्पल त्यात रुतली.’

यात एकही ‘सुंदर’ नाही, आणि शेवटचं वाक्य त्या मुलाशिवाय कुणालाच लिहिता आलं नसतं.

शब्दांची मदत याच टप्प्यावर करा, आधी नको. मराठीत वासांची चंगळ आहे: खमंग, खरपूस, करपट, आंबूस, कुबट, कोंदट, उग्र, हिवस. पावसाचंही तसंच. भुरभुर वेगळी, पिरपिर वेगळी, धो धो वेगळा. हे शब्द पाठ करायला देऊ नका. मूल एखाद्या वासावर अडलं की दोन शब्द पुढे करा आणि निवड त्याची त्याला करू द्या.

उपमांचा नियम एकच: स्वतः पाहिलेल्या वस्तूचीच द्यायची. दवाचे थेंब मोत्यासारखे दिसतात असं मूल लिहितं तेव्हा त्याने मोती कधी पाहिलेले असतात? ‘भिजलेला कावळा मोडक्या छत्रीसारखा दिसत होता’ ही मुंबईतल्या मुलाची उपमा.

पायरी ५ : माहिती आणि वर्णन वेगळं काढा

पाचवी-सहावीतली हुशार मुलं इथे फसतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर लिहायला सांगा. बांधकाम १८७८ साली सुरू झालं, वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश, अशी जंत्री तयार असते. सगळं बरोबर, पण स्टेशन न बघताही लिहिता येईल असं.

त्याला समोर, महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला उभं करा आणि मान वर करायला सांगा. घुमटावर कोण उभं आहे? फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर कोण? (वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा.) भिंतींवरचे दगडी प्राणी मोजताना मुलं रमतात. एवढं बघून झालं की मग एखादं साल येऊ दे, बघितलेल्या गोष्टीच्या शेजारी. आणि क्रम ठरवून घ्या: वरून खाली, नाहीतर लांबून जवळ. एकदा घुमट, मग चप्पल, पुन्हा घुमट असं झालं की वाचणाऱ्याची मान दुखते.

पायरी ६ : तपासताना एकच गोष्ट

लाल पेन नको. मुलाला मोठ्याने वाचायला सांगा, अडखळेल तिथे वाक्य लांब झालंय. एका वेळी एकच सूचना द्या. ऱ्हस्व-दीर्घ शेवटच्या फेरीत, तेही शब्दकोश मुलाच्या हातात देऊन.

परीक्षेचं काय, हा प्रश्न येणारच. काही शिक्षकांना सुरुवातीला कवितेच्या ओळी आणि शेवटी संदेश लागतो. त्यावरून शाळेत भांडायला जाण्यात अर्थ नाही. सुरुवात-शेवट त्यांच्या मनासारखे असू देत, मधल्या परिच्छेदात दोन गोष्टी तरी स्वतः पाहिलेल्या असाव्यात, एवढा सौदा मुलाशी करा.

दर रविवारी बाहेर पडणं जमणार नाही. तेव्हा बस स्टॉपवरची रांग, दुपारची रिकामी लोकल, गच्चीवरची पाण्याची टाकी यांवरही काम भागतं. आणि जमलंच तर एकदा उजाडायच्या आत माझगावच्या भाऊच्या धक्क्यावर न्या. मासळीचा लिलाव, बर्फ फोडण्याचा आवाज, पाट्यांची पळापळ, सगळं एकदम अंगावर येतं. जुन्या चपला घाला, कपडे परतल्यावर लगेच धुवायला टाका आणि कोळणींच्या वाटेत उभे राहू नका. नाहीतर मुलाला वर्णनासाठी भलतेच शब्द ऐकायला मिळतील.