डीलरकडून दार पुन्हा रंगवून घेतलं

डीलरच्या शिरोलीच्या वर्कशॉपमध्ये गाडीचं मागचं दार रंगवून घेतलं, तेव्हा ट्यूबलाइटखाली सगळं ठीक दिसत होतं. कोल्हापुरात रंकाळा तलावावर उन्हात गाडी लावली आणि ते दार वेगळंच उठून दिसायला लागलं: रंग गडद, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा, काचेच्या रबरावर रंगाचे शिंतोडे.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "साहेब, सिल्व्हरमध्ये एवढं चालतंय की." मला काही ते चाललं नाही. सकाळच्या उन्हात तिरप्या कोनातून फोटो काढले, जॉब कार्ड (वर्कशॉपची कामाची नोंद) जोडून मॅनेजरला ईमेल केला, कंपनीच्या कस्टमर केअरला प्रत पाठवली. तोंडी तक्रारीला तिथं कुत्रं विचारत नाही. कंपनीकडून तक्रार क्रमांक आला की लगेच चहा येतो!

मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. स्प्रे गनचा दाब किंवा अंतर बदललं की ते वेगळे बसतात, म्हणून कलर कोड बरोबर असूनही शेड हुकते. त्यावर उपाय म्हणजे शेजारच्या पॅनेलवर रंग विरवत नेणं, म्हणजे ब्लेंडिंग. तेच लेखी मागितलं, तेही फुकट. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर हाताशी होता, लावावा लागला नाही.

दार पुन्हा रंगवून झालं, तेव्हा या वेळी गाडी उन्हात काढायला लावली, मगच सही केली. रबर मात्र बदललं नाही, नुसतं पुसून दिलं.