घरात येणारी बातमी आपल्याला कशी फिरवते, ते आठवडाभरात ओळखायची पद्धत

२०२१ च्या जुलैत कोल्हापुरात पूर आला तेव्हा शाहूपुरी कुंभार गल्लीजवळ राहणाऱ्या माझ्या आत्तीच्या मोबाईलवर दोन दिवसांत पाच मेसेज आले, धरण फुटलं, दरवाजे तुटले, रात्री बाराला पाणी येतंय, झोपू नका. पाचही खोटे. प्रत्येक वेळी तिनं गव्हाचं पोतं माळ्यावर चढवलं आणि परत खाली उतरवलं. सहाव्या वेळी गल्लीत खरीच गाडी भोंगा लावून आली, घरं सोडा म्हणून, तर ही म्हणते, "आरं रोजचंच हाय हे." आणि पाणी आलं. माणसं सुखरूप निघाली, पण फ्रीज, शिलाई मशीन आणि ते पोतं, सगळं गेलं.

म्हणून हे लिहितोय. मीडिया आपल्यावर परिणाम करतो म्हणजे फक्त खोटं पटवतो असं नाही, आपण कशाकडं बघायचं, कशाला भ्यायचं आणि शेवटी कशावर विश्वास ठेवायचा सोडून द्यायचं हेपण तोच ठरवत जातो. हे आपल्या घरात कुठं कुठं होतंय ते बघायला फार काही लागत नाही, शंभर पानी एक वही आणि सात दिवस.

वहीत रोज रात्री जेवणं झाली की दोनच गोष्टी लिहायच्या. आज घरात कशावर बोलणं झालं, आणि ती गोष्ट पहिल्यांदा कुठनं कळाली, टीव्ही, पेपर, व्हॉट्सॲप, का शेजारच्या काकी. आपलं मत लिहायचं नाही, नाहीतर वही भरते आणि हाताला काही लागत नाही. सात दिवस झाले की दुसऱ्या पानावर त्या आठवड्यात घराला खरोखर काय त्रास झाला ते लिहा, नळाला पाणी आलं नाही, पोराची फी, उसाचं बिल अडकलंय, गल्लीतला खड्डा. आता दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा. आमच्या वहीत सातपैकी पाच दिवस दिल्ली-मुंबईचं राजकारण आणि एका सेलिब्रिटीचं लग्न होतं, आणि नळाचा विषय एकदाच, तोपण आई एकटीच बोलली होती.

याला अभ्यासात अजेंडा सेटिंग म्हणतात. मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोघा संशोधकांनी १९६८ च्या अमेरिकेतल्या निवडणुकीत चॅपल हिल गावातल्या १०० मतदारांना, ज्यांचं मत अजून ठरलं नव्हतं अशांना, विचारलं की महत्त्वाचे प्रश्न कुठले, आणि मग तिथल्या पेपर-टीव्हीवर कुठल्या विषयाला किती जागा मिळाली ते मोजलं. दोन्ही याद्या जवळजवळ सारख्याच निघाल्या. १९७२ ला ते छापून आलं. म्हणजे काय विचार करायचा ते मीडिया सांगेलच असं नाही, पण कशाचा विचार करायचा ते बरंचसं तोच ठरवतो.

पुढची गोष्ट जरा सावकाश करा, कारण सगळ्यात जास्त शिकायला इथंच मिळतं. एकच बातमी दोन पेपरात वाचायची. आपल्याकडं ऊस दराचं आंदोलन हे त्यासाठी एकदम चांगलं उदाहरण आहे, दर हंगामाला होतंय. एकीकडं हेडिंग असतं चक्का जाममुळं प्रवाशांचे हाल, दुसरीकडं दरासाठी शेतकरी रस्त्यावर. दोन्ही खरंच असतंय. पण पहिल्यात फोटो अडकलेल्या एसटीचा असतो आणि दुसऱ्यात उसाच्या फडाचा, आणि वाचून झाल्यावर राग कुणाचा येतो ते त्या फोटोवरनंच ठरलेलं असतं. आता पेन घेऊन बातमीत काय नाही ते शोधा. ऊस घातल्यावर १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यायचे असा कायद्यानं नियम आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे त्या बातमीत आहे का? नसेल तर वाचणाऱ्याला वाटणार की ही माणसं उगाच रस्ता अडवायला आलीत. तसंच रस्त्यात अडकलेल्या पेशंटचं काय झालं ते दुसऱ्या बातमीत नसेल तर तेपण वहीत लिहा, आपल्या बाजूची बातमी आहे म्हणून सोडायची नाही.

भीतीचं थोडक्यात सांगतो. जॉर्ज गर्बनर नावाच्या संशोधकानं वर्षानुवर्षं टीव्हीचा अभ्यास केला, त्याचं म्हणणं असं की जी माणसं खूप टीव्ही बघतात त्यांना बाहेरचं जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटायला लागतं. तुमच्या घरात संध्याकाळी रंकाळ्यावर एकटं जाऊ नको असं कोण सारखं म्हणतंय आणि ते माणूस क्राईमचे कार्यक्रम किती बघतंय, ते वहीत शेजारी शेजारी लिहून बघा.

आता बातमी आणतं कोण. १९४० ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाझार्सफेल्ड नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की बरीच माणसं रेडिओ-पेपर ऐकून मत ठरवतच नाहीत, जास्त वाचणारा एखादा ओळखीचा माणूस सांगतो आणि बाकीचे त्याचं ऐकतात. आपल्या पेठेत हे वेगळं सांगायला नको. सकाळी चहाच्या गाड्यावर पेपर पहिल्यांदा उघडणारा, तालमीच्या ग्रुपवर पहिला मेसेज टाकणारा, त्याच्या शब्दाला वजन असतं. तुमच्या घरात आणि गल्लीत तो माणूस कोण ते ओळखा, आणि तुम्हीच असाल तर दुप्पट काळजी घ्या. जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारी टोळी आलीय या अफवेवरनं जमावानं ५ जणांना ठार मारलं. जून २०२३ ला आपल्याच कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरनं दगडफेक, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवायला लागलं.

निवडणुकीत पेपर वाचताना बातमीसारख्या दिसणाऱ्या चौकटीच्या कोपऱ्यात जाहिरात असं बारीक छापलंय का बघा, आणि तेच कौतुक शब्दन् शब्द दोन पेपरात आलं असेल तर सावध व्हा.

मेसेज तपासायची पद्धत आत्तीला शिकवली तीच सांगतो. पुराचा मेसेज आला की तीन प्रश्न विचारायचे, किती फूट, कुठं मोजलं, किती वाजता. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. हा आकडा आणि वेळ नसेल तर तो मेसेज पुढं ढकलायचाच नाही. राधानगरीचे दरवाजे उघडले असं आलं तर लगेच घाबरायचं नाही, ते ७ दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, धरण फुटणं ही पूर्ण वेगळी गोष्ट. दोन बाण असलेला मेसेज म्हणजे खूप वेळा फॉरवर्ड होऊन आलेला. व्हिडिओ असेल तर आवाज मोठा करून मागं माणसं कुठली भाषा बोलतात ते ऐका, गाड्यांची नंबरप्लेट बघा. आत्तीला आलेल्या धरणाच्या व्हिडिओत एक माणूसही मराठी बोलत नव्हता, पण त्या रात्री आवाज बंद करून बघितला होता तिनं.

आणि घरातल्या मोठ्या माणसांनी खोटं फॉरवर्ड केलं तर ग्रुपवर चारचौघात चूक काढू नका, मग ते हट्टानं तेच धरून बसतात. फोन करा, म्हणावं मामा, ते जुनं आहे, आजची पातळी अशी अशी आहे, तुम्हीच ग्रुपवर टाका, तुमचं सगळे ऐकतात. दहापैकी आठ वेळा ते स्वतः टाकतात.

वहीच्या पहिल्या पानावर आणि दाराच्या मागं १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि भोंग्याची गाडी आली तर आधी निघा, तपासायचं ते वरच्या मजल्यावर नाहीतर पाहुण्यांच्यात पोचल्यावर.