जिओकॅशचा डबा निवडताना

जिओकॅश म्हणजे कोणीतरी लपवलेला आणि इतरांनी जीपीएसवरून शोधायचा डबा; सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं. तो लपवायचा तर डबा आरपार दिसणारा घ्या. क्लिपांचा, रबरी कडेचा प्लास्टिकचा डबा पावसाळाही काढतो, आणि आत वही-पेन्सिलच आहे हे न उघडता कळतं. स्टीलचा टिफिन मात्र नकोच. गडचिरोलीकडे पुलाखाली बेवारस टिफिन दिसला की बॉम्ब समजून लोक आधी मागे सरतात, मग पोलिसांना फोन करतात. त्यांचं बरोबरच आहे. पीव्हीसी पाइपचा तुकडा, काळी टेप, लोंबणारी वायर यांचंही तेच. लाल फडक्यात बांधलंत तर वेगळीच भानगड: करणी समजून कोणी हात लावणार नाही.

२००० साली ओरेगॉनमध्ये पहिला कॅश काळ्या बादलीत, अर्धा पुरून ठेवला होता. आता जागामालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय पुरणं नियमात बसत नाही, आणि ताजी उकरलेली माती आपल्याकडे तशीही संशयाचीच.

डब्यावर जाड मार्करने मराठीत लिहा: ‘खेळाचा डबा, धोका नाही, उघडून पाहा’. खाली मोबाइल नंबर. खाऊ ठेवू नका, माकडं डबा फोडतात. ज्याच्या धुऱ्यावर ठेवताय त्याला आधी विचारा, आणि ठेवण्यापूर्वी पोलीस पाटलांना डबा उघडून दाखवा.