एचडीआरसाठी ब्रॅकेटिंग करताय? मग या चुका टाळा

एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो काढायचे (यालाच ब्रॅकेटिंग म्हणतात) आणि ते जोडून एक फोटो करायचा, तो एचडीआर फोटो. तो बिघडला की लोक लगेच सॉफ्टवेअरला नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा गडबड शूट करतानाच झालेली असते आणि ती नंतर नीट होत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे डोळे झाकून –२, ०, +२ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) असे तीन फोटो काढायचे आणि झालं म्हणायचं. अहो, आधी हिस्टोग्राम (फोटोत किती अंधार, किती उजेड ते दाखवणारा ग्राफ) तर बघा! सगळ्यात डार्क फ्रेममध्ये उजव्या टोकाला ग्राफ चिकटलेला नको, आणि सगळ्यात ब्राइट फ्रेममध्ये डाव्या टोकाला नको. खोलीत उभं राहून खिडकीबाहेरचं ऊन पण हवं असेल तर तीन फ्रेम बऱ्याचदा पुरत नाहीत, ५ किंवा ७ घ्या. डार्क फ्रेमची तर जास्तच काळजी घ्या, कारण शॅडो (गडद भाग) थोड्या उचलता येतात पण हायलाइट (उजळ भाग) एकदा पूर्ण उडाले की त्यात काहीच उरत नाही.

दुसरं, ऑटो सेटिंग. फ्रेम बदलताना फक्त शटर स्पीड बदलला पाहिजे, म्हणजे मधला १/१०० असेल तर दोन स्टॉपच्या फरकाने १/४०० आणि १/२५. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) बदललं तर डेप्थ ऑफ फील्ड (किती भाग शार्प दिसतो ते) बदलतं आणि कडा जुळत नाहीत, म्हणून ॲपर्चर प्रायोरिटी किंवा मॅन्युअल मोड. ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) बंदच करा, नाहीतर काही कॅमेरे शटरऐवजी आयएसओच वाढवतात आणि जी ब्राइट फ्रेम स्वच्छ शॅडोसाठी घेतली तिच्यातच नॉइज (दाणे) भरतो. फोकस एकदा लावून मॅन्युअलवर टाका. व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) पण फिक्स, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) असेल तर नंतर सारखा करता येतो, जेपेगमध्ये मात्र त्रास होतो.

भुतासारखी दुहेरी माणसं किंवा पानं दिसतायत? त्याला घोस्टिंग म्हणतात. ट्रायपॉड हलणारा कॅमेरा थांबवतो, हलणारं झाड नाही. बर्स्ट मोड किंवा २ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बऱ्याच कॅमेऱ्यांत सगळ्या फ्रेम पटापट निघतील, आणि मर्ज करताना डीघोस्ट चालू करा. वारा फारच असेल तर सरळ एकच रॉ फोटो हायलाइट सांभाळून घ्या, आजकालच्या सेन्सरमध्ये शॅडो बऱ्यापैकी निघतात.

इमारतीच्या कडेला पांढरी झालर आली तर टोन मॅपिंग (सगळा उजेड-अंधार एका फोटोत बसवणं) जास्त झालंय, स्ट्रेंथ कमी करा. आणि सावली काळी राहिली तरी चालते हो, सगळंच उजळ केलं की फोटो सपाट आणि राखाडी दिसतो.

रात्री अजून एक भानगड, बऱ्याच कॅमेऱ्यांत ऑटो ब्रॅकेटिंग ३० सेकंदांच्या पुढे जात नाही, त्यामुळे मधली फ्रेमच ३० ची असेल तर ब्राइट फ्रेम खरी ब्राइट येतच नाही. तिथे आयएसओ वाढवा किंवा बल्ब मोड (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) वापरा.

शूट संपलं की ब्रॅकेटिंग आठवणीने बंद करा. काही कॅमेऱ्यांत ऑफ-ऑन करूनही ते चालूच राहतं, मग पुढचे साधे फोटो एक काळा, एक पांढरा असे येतात आणि कॅमेरा बिघडला असं वाटतं.