डिव्हिजन थ्रीचा हेड कोच: ऑफर घेण्याआधी आकडा विचारा

अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीत, डिव्हिजन वनच्या खालच्या डिव्हिजन थ्रीत, हेड कोचच्या जागेला अर्ज करताय म्हणजे बेंच, फोरचेक (समोरच्याच्या हद्दीत घुसून दबाव टाकणं), व्हिडिओ हे सगळं तुम्हाला येतंच. तिथला फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, ज्युनिअर लीग (कॉलेजआधीची हॉकी) खेळून विसाव्या-एकविसाव्या वर्षी येतो, हेही माहीत असेल. ते सांगत बसत नाही.

असिस्टंटची वर्षं मात्र चुकवू नका. मी मिनेसोटात वाढलो, याच डिव्हिजनमध्ये तिसऱ्या लाइनवर खेळलो आणि मग पार्ट-टाइम असिस्टंट झालो. पगारात भाडंही निघायचं नाही. सकाळी स्केट्सना धार लावायची, दुपारी शिफ्टप्रमाणे व्हिडिओ कापायचा, रात्री ओल्या जर्सी मशीनमध्ये टाकायच्या. आई अजूनही मंडळात ‘कॉलेजात शिकवतो’ एवढंच सांगते. ते खोटंही नाही, कारण पीईचा एखादा क्लास माझ्या गळ्यात असतोच. डिव्हिजन वनमध्ये ‘ऑपरेशन्स’चं बिरुद लावून हॉटेलं बुक करण्यापेक्षा हे कधीही बरं. सामना सुरू असताना डिफेन्सच्या जोड्या तुम्हीच बदलायच्या असतात, आणि ते दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही.

आता खरी मेख. डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण याचाच अर्थ असा की तुमचा प्रत्येक खेळाडू हा कॉलेजच्या लेखी फी भरणारा विद्यार्थी असतो. मिशिगनच्या एड्रियन कॉलेजने खेळ वाढवून प्रवेश वाढवायचे असं ठरवलं, २००७ मध्ये हॉकी सुरू केली आणि २०२२ मध्ये पुरुषांचं राष्ट्रीय विजेतेपदही पटकावलं. फीवर जगणाऱ्या छोट्या कॉलेजांना हा रस्ता न आवडला तरच नवल.

हेड कोच म्हणून माझी पहिली मुलाखत दिवसभर चालली. पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या खेळावर) बोललो, मुलांच्या अभ्यासावर बोललो. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रवेश विभागाने एक कागद पुढे सरकवला: पुरुष हॉकी, ३६. म्हणजे संघात इतकी मुलं भरायचीच. मुलाखतीत या आकड्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

आता हिशोब करा. सामन्याला बारा फॉरवर्ड, सहा डिफेन्समन, दोन गोली, वर एखाद-दुसरा राखीव. म्हणजे छत्तीसातले चौदा-पंधरा जण दर शनिवारी टाय लावून स्टँडमध्ये. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये स्टॉल सव्वीस होते. बाकीच्यांच्या बॅगा कॉरिडॉरमध्ये, भिंतीला टेकवलेल्या; फेब्रुवारीपर्यंत तिथून नाक धरून जावं लागायचं. पैसे मोजून आलेला एकवीस वर्षांचा पोरगा हे किती दिवस सोसणार? डिसेंबरात तो दुसरं कॉलेज शोधतो. तो गेला की रिटेन्शन (टिकलेल्या विद्यार्थ्यांचं प्रमाण) घसरलं म्हणून बोट तुमच्याकडे, आणि भोक बुजवायला पुढच्या वर्षी नवीन मुलांचा आकडा आणखी वर. जितकी जास्त मुलं आणाल तितकी जास्त जातात. हे चक्र चांगलं कोचिंग करून थांबत नाही.

त्यात मोजणी कधी होते, ते बघा. मे महिन्यात प्रवेशाचं डिपॉझिट आलं म्हणून हुरळू नका. मोजतात ते सेमिस्टर सुरू झाल्यावर, सेन्ससच्या, म्हणजे अधिकृत पटमोजणीच्या, दिवशी. मधल्या उन्हाळ्यात पोरं गळतात. डिव्हिजन थ्रीत बांधून ठेवणारं पत्रच नसतं, तोंडी ‘येतो कोच’ला काडीची किंमत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनिअर, म्हणजे सर्वात वरच्या ज्युनिअर लीगच्या, खेळाडूंना डिव्हिजन वनचं दार उघडलं. तिथल्या जागा त्यांनी घेतल्या की खाली उतरणारी मुलं चांगली असतात खरी, पण वरून फोन येईल या आशेवर शेवटपर्यंत लटकवून ठेवतात.

म्हणून मुलाखतीतच विचारा: रोस्टरचा (संघातल्या मुलांचा) आकडा किती, ठरवतो कोण, मोजतात कधी, मध्येच गेलेला मुलगा कुणाच्या खात्यावर. ॲथलेटिक डायरेक्टरला नका विचारू, तो ‘बघू हळूहळू’ म्हणेल. प्रवेश विभागाच्या प्रमुखाला भेटायचं म्हणा. भेट नाकारली तर घरी या. आणि बहुतेक खाजगी कॉलेजांचा फॉर्म ९९० (करखात्याला दिलेला जमाखर्चाचा तपशील) कुणालाही बघता येतो, तो वाचा. मॅसॅच्युसेट्सचं बेकर कॉलेज २०२१ मध्ये बंद पडलं, मिशिगनची फिनलँडिया युनिव्हर्सिटी २०२३ मध्ये. दोन्हीकडे हॉकी होती.

यावर जुने मेंटॉर मिडलबरीचा दाखला देतात. बिल बीनींनी तिथे १९९५ ते १९९९ सलग पाच विजेतेपदं घेतली, वगैरे. कोच थोरच, पण मिडलबरी श्रीमंत कॉलेज आहे. तिथली ट्यूबलाइट हॉकीच्या फीवर जळत नाही. अशा सल्ल्याला मान डोलवा आणि आपला फॉर्म ९९० वाचत बसा.

कोचेस असोसिएशनचं अधिवेशन फ्लोरिडात नेपल्सला भरतं. एकदा जाऊन या, पण लॉबीत कार्डं वाटून नोकरी मिळत नाही. मला दोन्ही नोकऱ्या मिळाल्या त्या ज्युनिअर लीगच्या कोचेसमुळे. त्यांच्या न घेतलेल्या पोरांबद्दलही मी फोन करून ‘नाही’ कळवत होतो, बास. खेळाडू पुरवतो म्हणणाऱ्या ‘फॅमिली ॲडव्हायजर’ मंडळींपासून चार हात लांब राहा.

घाबरू नका, बऱ्या जागा असतात. सध्याच्या कॉलेजात माझा आकडा २८ आहे, ऑफर लेटरमध्ये लिहून घेतलाय. असिस्टंट मात्र अजून पार्ट-टाइमच; त्यावरून यंदाच्या बजेटच्या मीटिंगमध्ये भांडण ठरलेलं आहे.